ड्रायव्हरचा चेंडू डावीकडे कोसळतो : हूक घालवण्यासाठी आधी नेमके काय बदलावे?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. वय ५२, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १९. गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब (खेळण्याची काठी), बऱ्यापैकी सरळ जात होता. पावसाळा संपल्यावर पुन्हा खेळायला सुरुवात केली, तेव्हापासून मात्र दहापैकी सहा-सात चेंडू मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे निघतात, शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत चांगले जातात आणि मग एकदम डावीकडे कोसळतात. हा ड्रॉ, म्हणजे डावीकडचे हलके वळण, नव्हे, हूक आहे. ड्रॉ हवेत तरंगत वळतो, हा खाली बसत वळतो आणि जमिनीवर टेकल्यावरही डावीकडे पळतच राहतो. गेल्या रविवारी पुण्यात खेळताना पहिल्या नऊ होलमध्येच तीन चेंडू हद्दीबाहेर गेले आणि तिन्ही डाव्या बाजूने गेले.

सरावाची जागा नाशिकमध्येच आहे. मखमलाबादला आमच्या वावरातली जुनी द्राक्षबाग काढली, तेव्हा रिकाम्या झालेल्या तुकड्यात मी दुहेरी शेडनेट सैल टांगून जाळी केली आहे आणि तिथे रोज सकाळी पन्नास-साठ चेंडू मारतो. जाळीत फटका उत्तम वाटतो, आवाजही उत्तम येतो. तोच फटका मैदानावर डावीकडे जातो. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मध्यम अंतराच्या लोखंडी क्लबने, चेंडू थोडासाच डावीकडे झुकतो, त्याची तक्रार नाही.

आतापर्यंत मी दोन उपाय केले आहेत. एक म्हणजे उजवीकडे नेम धरतो. आधी दहा यार्ड धरत होतो, आता जवळजवळ तीस यार्ड धरतो. दुसरा म्हणजे चेंडू स्टान्समध्ये (उभे राहण्याच्या ठेवणीत) थोडा मागे, उजव्या पायाकडे सरकवला आहे. दोन्हींमुळे हूक कमी न होता वाढल्यासारखा वाटतो. पकड, उभे राहणे, स्विंग आणि खुद्द ड्रायव्हर यांपैकी आधी कशाला हात लावावा, हे जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ

आधी पकड पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हूक असलेल्या दहा खेळाडूंना उभे केले, तर बहुतेकांचा डावा हात दांड्यावर उजवीकडे गुंडाळलेला दिसेल. यालाच आपण स्ट्राँग ग्रिप म्हणतो. यातल्या ‘स्ट्राँग’चा अर्थ ‘घट्ट’ असा नाही, हे नव्या सभासदांसाठी मुद्दाम लिहितो. हात दांड्यावर किती फिरलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

चेंडूसमोर उभे राहून खाली पाहावे. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळांशी असलेली हाडे, म्हणजे नकल, किती दिसतात ते मोजावे. दोन किंवा अडीच दिसली तर पकड मध्यम आहे, तीन किंवा चार दिसली तर ती हूकची पकड आहे. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच पाहावी. ती उजव्या खांद्याच्याही बाहेर रोखलेली असेल, तर आघाताच्या वेळी मनगटे आपोआप नैसर्गिक स्थितीकडे परततात आणि क्लबचा फेस (चेंडूला भिडणारा पुढचा भाग) बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो. खाच हनुवटी आणि उजवा खांदा यांच्यामध्ये आणावी. उजवा हातही तपासावा, कारण अनेकजण डावा हात सुधारतात आणि उजवा तळवा दांड्याखालीच ठेवतात.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगन यांचे उदाहरण सर्वांना माहीत असेलच. सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांना हूकने छळले. त्यांनी पकड दुबळी केली, दांड्यावरचा डावा अंगठा जरा वर ओढून आखूड ठेवला आणि बॅकस्विंगच्या (क्लब मागे नेण्याच्या) शिखरावर डावे मनगट मागे किंचित मोडलेले ठेवले. हे ‘रहस्य’ त्यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ‘लाइफ’ मासिकात उघड केले. त्याआधी, १९५३ मध्ये, त्यांनी एकाच वर्षात तीन मेजर (गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या) स्पर्धा जिंकल्या होत्या.

प्रयोगवही

गोदाकाठ यांनी सांगितलेला उपाय योग्य ठरण्याची शक्यता मोठी आहे. मात्र उपायाआधी चेंडू काय सांगतो ते वाचायला हवे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा भाग थोडा सविस्तर लिहितो.

चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यतः आघाताच्या क्षणी फेस कुठे पाहत आहे यावर ठरते. ड्रायव्हरच्या बाबतीत हा वाटा साधारण ८५ टक्के धरतात. पुढे तो किती वळतो हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या कोनावर ठरते. फेस मार्गाच्या तुलनेत डावीकडे बंद असेल, तर चेंडूच्या फिरण्याचा अक्ष डावीकडे कलतो आणि चेंडू डावीकडे वळतो. चेंडूला ‘पाठीमागची फिरकी’ आणि ‘बाजूची फिरकी’ अशा दोन वेगळ्या फिरक्या नसतात. फिरकी एकच असते आणि तिचा अक्ष कलतो.

आता मखमलाबादकर यांचे वर्णन पुन्हा वाचा. त्यांचा चेंडू उजवीकडे निघतो. याचा अर्थ आघाताच्या वेळी त्यांचा फेस लक्ष्याच्या उजवीकडे पाहत आहे, म्हणजे लक्ष्याच्या तुलनेत तो बंद नाही, किंचित उघडाच आहे. तरीही चेंडू डावीकडे वळतो, याचे कारण क्लबचा मार्ग फेसपेक्षाही बराच उजवीकडे, म्हणजे आतून बाहेर जातो. याउलट ज्याचा चेंडू निघतानाच डावीकडे जातो आणि आणखी डावीकडे वळतो, त्याचा फेस लक्ष्याच्या तुलनेतही बंद असतो. दोघेही ‘मला हूक आहे’ असेच सांगतील, पण दोघांना एकच औषध चालणार नाही.

आयर्न सरळ आणि ड्रायव्हर वाकडा, याचेही कारण आहे. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, साधारण ९ ते १२ अंश असतो, तर सात नंबरचा त्याच्या तिप्पट. लॉफ्ट जास्त असला की पाठीमागची फिरकी भरपूर मिळते आणि तेवढ्याच चुकीने अक्ष कमी कलतो. ड्रायव्हर तीच चूक मोठी करून दाखवतो. आपला दोष सात नंबरमध्येही आहे, तिथे तो नुसता झाकला जातो.

देवळालीकर

देवळाली कॅम्पात लहानपण गेले आणि वडिलांच्या मागे बॅग ओढत हा खेळ शिकलो. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या दोन्ही उपायांनी हूकला खतपाणी मिळाले आहे.

चेंडू डावीकडे जातो म्हणून माणूस उजवीकडे नेम धरतो. पाय उजवीकडे वळतात, खांदे त्याहून जास्त वळतात, आणि डोळ्याला मात्र फेअरवेचा (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा) मध्य दिसत असतो. मग शरीर उजवीकडे स्विंग करते आणि चेंडू मध्यावर आणण्यासाठी हात फेस बंद करतात. मार्ग आणखी उजवीकडे, फेस त्याच्या डावीकडे. प्रयोगवही यांनी सांगितलेला कोन आपण स्वतःच्या हाताने रुंद करत आहात. चेंडू मागे सरकवल्यानेही तेच होते, कारण क्लब कमानीच्या तळाशी पोहोचण्याआधीच, अजून बाहेरच्या दिशेने जात असतानाच चेंडूला भेटतो.

म्हणून पहिले काम असे करावे की उजवीकडचा नेम पूर्णपणे सोडावा आणि चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत आणावा. जमिनीवर दोन काठ्या ठेवाव्यात. द्राक्षबाग काढली आहे म्हणता, तर बांबू घरात असतीलच. एक काठी चेंडूपासून लक्ष्याकडे, दुसरी तिला समांतर पायांच्या बोटांपुढे. मग तिसरी काठी दोन्ही खांद्यांवर आडवी धरून ती या दोघींना समांतर आहे का, ते पाहावे. माझा अंदाज असा आहे की पाय समांतर असतील आणि खांदे नसतील. पहिले काही चेंडू डावीकडे जातील, ते जाऊ द्यावेत. तेवढा धीर धरला नाही, तर आपण पुन्हा तीस यार्ड उजवीकडे पोहोचाल.

नवखा_नाशिकरोड

माझी अडचण नेमकी उलटी आहे, मला स्लाइस आहे, म्हणजे चेंडू उजवीकडे वळतो. वरचे सगळे उलटे करून वापरले तर चालेल का?

देवळालीकर

बरेचसे चालेल. तरीही आपण वेगळा धागा काढावा, म्हणजे दोघांचीही उत्तरे एकमेकांत मिसळणार नाहीत. एवढे मात्र इथेच सांगतो की स्लाइसवरचा प्रत्येक उपाय मोजून करावा. उपाय लागू पडल्यावर तो कुठे थांबवायचा, हे ठरवले नाही, तर दोन वर्षांनी आपणही याच धाग्यावर याल.

लेथवाला_सातपूर

मी तीस वर्षे यंत्रावर काम केले आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी हत्याराकडे जाते. मखमलाबादकर, मला तीन गोष्टी कळवा.

पहिली गोष्ट, चेंडू फेसवर नेमका कुठे लागतो? अंदाजाने सांगू नका. फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या आणि दहा-बारा चेंडू मारा. प्रत्येक फटक्यानंतर खूण पाहा, पुसा आणि पुन्हा थर द्या. चेंडू टोवर, म्हणजे पात्याच्या टोकाकडे लागत असेल, तर केवळ त्यामुळेही तो डावीकडे वळतो. ड्रायव्हरचे डोके पोकळ आणि खोल असते. त्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. टोवर आघात झाला की डोके त्या मध्याभोवती फिरते आणि फेस उघडतो. त्या निमिषभराच्या स्पर्शात फेस आणि चेंडू एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांसारखे वागतात. एक चाक एका दिशेने फिरले की दुसरे उलट दिशेने फिरते. डोके उजवीकडे उघडते, चेंडूला डावीकडची फिरकी मिळते. यालाच गिअर इफेक्ट म्हणतात. हा ओढा थोडा भरून निघावा म्हणून ड्रायव्हरचा फेस सपाट न ठेवता किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे टोवरचा चेंडू आधी उजवीकडे निघतो आणि मग आत येतो. आयर्नचा गुरुत्वमध्य फेसच्या अगदी जवळ असल्याने तिथे हा परिणाम नगण्य असतो. आपले ‘उजवीकडे निघतो आणि डावीकडे कोसळतो’ हे वर्णन वाचून मला सर्वांत आधी ‘टो’च आठवला.

दुसरी गोष्ट, आपल्या ड्रायव्हरच्या मानेशी फिरवता येणारी स्लीव्ह (लॉफ्ट बदलणारी नळी) आहे का, आणि ती कोणत्या खुणेवर आहे? लॉफ्ट वाढवला की फेस बंद होतो, कमी केला की उघडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. काही स्लीव्हमध्ये डोके जास्त उभे करण्याची सोय असते, तीही चेंडूला डावीकडे नेते.

तिसरी गोष्ट, ग्रिपची, म्हणजे दांड्यावरच्या रबरी वेष्टनाची, जाडी. बोटे तळव्यात रुतत असतील, तर ग्रिप आपल्या हाताला बारीक आहे.

दुसरी_बाजू

गोदाकाठ यांच्याविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. पकड बदलणे हा पहिला उपाय नसावा. व्यावसायिक गोल्फपटू डस्टिन जॉन्सन बॅकस्विंगच्या शिखरावर डावे मनगट चक्क पुढे वाकवतात आणि फेस पूर्ण बंद ठेवतात. होगन यांच्या सल्ल्याच्या हे अगदी उलट आहे. तरीही ते फेड (उजवीकडे हलके वळणारा फटका) मारतात आणि त्याच स्विंगने त्यांनी २०१६ मध्ये यूएस ओपन आणि २०२० मध्ये मास्टर्स जिंकली. त्यांचे शरीर आघातातून फिरत राहते, थांबत नाही. त्यामुळे हातांना फेस उलटवण्याची वेळच येत नाही.

हूक होतो तेव्हा बहुधा कंबर थांबलेली असते. कंबर थांबली की हात पुढे निघून जातात आणि मनगटे उलटतात. पकड दुबळी करूनही कंबर थांबतच राहिली, तर काही दिवस चेंडू उजवीकडे जाईल, मग हात जास्त जोराने उलटायला शिकतील आणि हूक परत येईल. मी स्वतः दोन वर्षांत तीन वेळा पकड बदलली आणि तिन्ही वेळा हेच घडले. शेवटी एकच गोष्ट धरली, फटका संपताना पट्ट्याचे बक्कल लक्ष्याच्या थोडे डावीकडे पाहिले पाहिजे. माझा हूक त्यानेच गेला.

गोदाकाठ

आपला मुद्दा मान्य आहे, पण एक प्रश्न विचारतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला जॉन्सन यांच्यासारखे फिरता येईल का? ज्याचे शरीर तेवढे फिरू शकत नाही, त्याच्यासाठी मध्यम पकड हाच सुरक्षित मार्ग आहे. पकड उभ्या उभ्या बदलता येते. कंबरेची सवय बदलायला महिने लागतात.

सांधे_आणि_स्नायू

मी भौतिकोपचार करते, त्यामुळे या दोन मतांच्या मधली एक गोष्ट मांडते. कंबर का थांबते, हे पाहिल्याशिवाय ‘फिरत राहा’ हा सल्ला अपुरा राहतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्याला आघातानंतर डाव्या मांडीच्या खुब्यावर फिरावे लागते. खुर्चीवर ताठ बसा, गुडघे काटकोनात ठेवा, मांडी जागची न हलवता डावे पाऊल बाहेरच्या बाजूला उचला. मग तेच उजव्या पायाने करा. डावे पाऊल उजव्यापेक्षा स्पष्टपणे कमी जात असेल, तर खुब्याचे आतल्या दिशेचे फिरणे कमी आहे. अशा माणसाने कितीही मनावर घेतले, तरी त्याचे शरीर तिथे अडते आणि राहिलेले काम हात करतात. दुचाकी आणि खुर्ची यांवर आयुष्य काढलेल्या माझ्या अनेक रुग्णांमध्ये हे दिसते.

यावर सोपी सोय अशी की उभे राहताना डाव्या पावलाचा चवडा वीस-तीस अंश लक्ष्याकडे उघडून ठेवावा. तेवढ्याने खुब्याला जागा मिळते आणि गुडघ्यावरचा ताणही कमी होतो. आधीपासून दुखणे असेल तर मात्र तपासून घ्यावे, इथे वाचून जोर लावू नये.

सायंफेरी

माझाही हूक दीड वर्ष टिकला होता आणि त्याची खूण मला माझ्या हातमोज्यावर सापडली. डाव्या मोज्याला दर दोन महिन्यांनी तळव्याच्या टाचेपाशी, करंगळीच्या बाजूला, भोक पडत असे. मी मोज्याच्या कातड्याला दोष देत होते. एका ज्येष्ठ खेळाडूने तो मोजा हातात घेतला आणि सांगितले की दांडा तळव्यातून आडवा जातो आहे, बोटांत नाही, आणि म्हणून तो फटक्यात घसरतो. तो घसरला की मी वरून आणखी घट्ट धरत होते आणि मनगटे उलटत होते. दांडा बोटांच्या मुळांशी घेतल्यावर भोक पडणे थांबले आणि हूकही बराच कमी झाला. मखमलाबादकर यांनी आपला मोजा एकदा उलटून पाहावा.

दुसरे असे की जाळीत सराव करणाऱ्यांची अडचण मी ओळखते. आपल्या नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान म्हटले की क्रिकेट आणि सकाळी फिरायला येणारी माणसे डोळ्यांसमोर येतात, नावात तेवढा गोल्फ उरला आहे. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचा सराव जाळीतच होतो. जाळी आठ-दहा फुटांवर चेंडू अडवते, वळण दाखवतच नाही. जाळीवर लक्ष्याच्या रेषेत एक रंगीत फीत बांधून चेंडू तिच्या कोणत्या बाजूला लागतो ते पाहावे. निघण्याची दिशा तरी समजते.

डावखुरा

मी डाव्या हाताने खेळतो, म्हणून एक विनंती करतो. उपाय लिहिताना ‘डावा हात’ ऐवजी ‘वरचा हात’ आणि ‘डावा पाय’ ऐवजी ‘लक्ष्याकडचा पाय’ असे लिहिले, तर आम्हालाही धागा सरळ वाचता येईल. माझा हूक उजवीकडे जातो. बाकी सर्व कारणे तंतोतंत तीच आहेत.

मखमलाबादकर

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या काळजीने कोणी उत्तरे देईल असे वाटले नव्हते. तीन सकाळी तपासणीत घालवल्या, त्याचा अहवाल देतो.

पावडरचा प्रयोग केला. बारा चेंडूंपैकी आठ टोकाकडे लागले. पांढऱ्या थरात चेंडूच्या खळग्यांची नक्षी स्पष्ट उमटते आणि ती मध्यापासून बोटभर बाहेर, जवळजवळ एकाच जागी उमटली होती. दोन मध्यावर लागले, दोन खालच्या बाजूला. मला प्रत्येक फटका मधोमध लागल्यासारखा वाटत होता, म्हणून आठवा ठसा पाहिल्यावर मी बराच वेळ क्लब हातात धरून तसाच उभा राहिलो.

खांद्यांवर बांबू धरून पत्नीला मागून पाहायला सांगितले. देवळालीकर यांचा अंदाज खरा निघाला. पाय समांतर होते, खांदे बरेच उजवीकडे होते. नकल साडेतीन दिसतात. मोज्याला भोक नाही, पण सायंफेरी यांनी सांगितलेल्या जागी कातडे चकचकीत झाले आहे.

आणि लेथवाला यांच्या दुसऱ्या प्रश्नाने तर मला जुनी गोष्ट आठवली. अडीच वर्षांपूर्वी मला मोठा स्लाइस होता. त्या वेळी एका जाणत्याने पकड स्ट्राँग करायला सांगितली होती, दुसऱ्याने उजवा पाय मागे घेऊन बंद उभे राहायला शिकवले होते आणि ज्या दुकानातून ड्रायव्हर घेतला, तिथे स्लीव्ह दीड अंश वाढवून दिली होती. स्लाइस गेला. मी तिन्ही उपाय तसेच ठेवले. आज पाहिले तर स्लीव्ह अजून त्याच खुणेवर आहे.

लेथवाला_सातपूर

मग रोगाचे मूळ सापडले. तीन जणांनी एकाच दुखण्यावर तीन औषधे दिली, दुखणे गेले आणि औषधे चालूच राहिली. त्यात उजवीकडच्या नेमाची भर पडली.

आता सगळे एकाच दिवशी उलटे करू नका. यंत्र बिघडले की एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा असतो, नाहीतर कशामुळे सुधारले ते कळत नाही. आधी स्लीव्ह मूळ खुणेवर आणा, कारण ते पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यात शरीराला काही शिकावे लागत नाही. पाना कट्‌ असा आवाज करेपर्यंत फिरवा, त्यापुढे जोर लावू नका.

टोवर लागण्याचे कारण बहुधा अंतर आहे. चेंडू पायांपासून फार दूर ठेवत असाल किंवा आघाताच्या वेळी वजन टाचांवर जात असेल, तर पाते आत ओढले जाते. अंगठाभर जवळ उभे राहून पुन्हा पावडर लावा.

प्रयोगवही

लेथवाला यांच्या क्रमाशी सहमत. मार्ग सुधारण्यासाठी एक साधन सुचवतो. क्लबचे कापडी टोपण चेंडूच्या एक फूट मागे आणि लक्ष्यरेषेच्या आतल्या बाजूला, म्हणजे आपल्या पायांच्या बाजूला, सहा-सात इंचांवर ठेवा. क्लब फार आतून आला तर टोपणाला लागेल. आधी अर्ध्या वेगाने करा. अनेक ठिकाणी टोपण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगतात, तो स्लाइसवरचा उपाय आहे. आपण तो केलात तर हूक वाढेल.

दुसरी_बाजू

पकडीविषयी माझा आग्रह मी मागे घेतो. साडेतीन नकल ही मुद्दाम शिकवलेली पकड असेल, तर ती मूळ जागी आणणे योग्यच आहे. फक्त तीनवर आणून थांबावे आणि पंधरा दिवस खेळून पाहावे. एकदम दोनवर आणलीत, तर पुन्हा स्लाइस दिसेल, आपण घाबराल आणि जुनी पकड परत घ्याल.

नियमपुस्तिका

उपाय लागू पडेपर्यंत गुण वाचवण्यासाठी दोन-तीन नियम लक्षात ठेवावेत. चेंडू हद्दीबाहेर गेला असेल किंवा हरवला असेल अशी शंका असेल, तर पुढे जाण्याआधीच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा) चेंडू खेळावा आणि ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द सोबत्यांना ऐकू येईल असा उच्चारावा. चेंडू शोधण्याची मुदत २०१९ पासून तीन मिनिटे आहे, पूर्वी ती पाच होती.

आपल्या प्रयोगांशी संबंधित दोन गोष्टीही सांगतो. फेरी सुरू असताना स्लीव्हची खूण बदलता येत नाही. तसेच फेसवर पावडर लावून फेरी खेळता येत नाही, म्हणून पहिल्या टीवर (सुरुवातीच्या फटक्याच्या जागी) जाण्याआधी ती पूर्ण पुसावी.

मखमलाबादकर

पाच आठवड्यांनी परत लिहितो आहे. मध्ये मुद्दाम लिहिले नाही, कारण एका चांगल्या सकाळवरून निष्कर्ष काढायचा नव्हता.

पहिल्या आठवड्यात फक्त स्लीव्ह मूळ जागी आणली. हूक गेला नाही, पण चेंडू निघताना आणखी उजवीकडे निघू लागला. प्रयोगवही यांनी दिशेबद्दल लिहिलेले तेव्हा मला खऱ्या अर्थाने समजले. फेस उघडला तशी निघण्याची दिशा बदलली, मार्ग मात्र जुनाच होता.

दुसऱ्या आठवड्यात नेम आणि चेंडूची जागा बदलली. ते सगळ्यांत कठीण गेले. खांदे खरोखर समांतर केले की मला डाव्या बाजूच्या झाडांकडे तोंड करून उभे असल्यासारखे वाटते. जाळीवर सायंफेरी यांनी सांगितलेली फीत बांधली. आधी चेंडू तिच्या हातभर उजवीकडे लागत होते, आठवड्याअखेर चार बोटांवर आले. टोपणाला पहिल्या दिवशी सतरा वेळा लागलो. आता क्वचित लागतो.

तिसऱ्या आठवड्यात चेंडूजवळ सरकलो आणि डावा चवडा उघडला. सांधे_आणि_स्नायू यांची चाचणी केली होती, माझे डावे पाऊल उजव्याच्या निम्म्यानेच बाहेर जाते. पावडरचे ठसे आता मध्याच्या आसपास पसरलेले दिसतात. बारांत दोन-तीन टोवर असतात, एखादा हीलवरही (दांड्याकडच्या टोकावर) असतो. पकड शेवटी बदलली, तीन नकलांवर आणली आणि तिथेच ठेवली आहे.

काल पुण्यात पूर्ण १८ होल खेळलो. अकरा वेळा ड्रायव्हर काढला. सात चेंडू फेअरवेवर राहिले, दोन डावीकडच्या रफमध्ये (उंच गवतात) गेले, एक उजवीकडे स्लाइस झाला आणि एक जुना हूक चौदाव्या होलवर परत आला. तो मारण्याआधी मी घाईत होतो आणि खांदे पाहिले नव्हते. हद्दीबाहेर एकही गेला नाही.

देवळालीकर

तो एक स्लाइस पाहून स्लीव्ह पुन्हा फिरवू नका. अकरांत एक उजवीकडे जाणे हे आपल्या हँडिकॅपला अगदी योग्य आहे.

मखमलाबादकर

फिरवणार नाही. मूळ खुणेवर मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे आणि पाना घरी कपाटात ठेवला आहे.